रसविघ्ने : ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या निमित्ताने

एखादी कलाकृती आवडते तेव्हा नेमके काय घडते, या प्रश्नाभोवती सौंदर्यशास्त्राचा फार मोठा प्रपंच उभा आहे. ती आवडत नाही तेव्हा काय घडते, याचा विचार त्या मानाने अगदीच थोडा झालेला दिसतो. ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा माणूस इतर सर्वांच्या संमतीची मागणी करीत असतो, हे कान्टने १७९० मध्ये दाखवून दिले. परंतु ज्याच्याकडे ही संमती मागितली जाते आणि ज्याला ती प्रामाणिकपणे देता येत नाही, त्याची बाजू काय? मागणारा एकटा-दुकटा असेल तर मान हलवून पुढे जाता येते. मागणारे कोट्यवधी असतील, आणि त्यांत ज्यांच्या जाणतेपणाविषयी शंका घेऊ नये अशी माणसेही असतील, तर मात्र नकाराचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब रुचीचा आहे की नीतीचा, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन रॉक गायक या प्रश्नासाठी जणू मुद्दाम घडवलेला नमुना आहे. त्याचा जन्म १९४९ चा, न्यू जर्सीतला. ऑक्टोबर १९७५ मध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन प्रतिस्पर्धी साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्याला मुखपृष्ठावर घेतले, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. १९८४ च्या ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ या ध्वनिमुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि तीतील सात गाणी तेथील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेली. त्याच्या मैफली तीन-तीन तास चालतात. २०१२ मध्ये हेलसिंकी येथे तो चार तासांहून अधिक काळ गात होता. आज पंचाहत्तरी ओलांडल्यावरही त्याच्यासाठी क्रीडांगणे भरतात. आणि हे सारे केवळ बाजाराचे यश नव्हे. गंभीर समीक्षकांनी, इतिहासकारांनी, कादंबरीकारांनी त्याच्याविषयी आदराने लिहिलेले आहे. उथळ लोकप्रियता म्हणून त्याला बाजूला सारण्याची सोय उपलब्ध नाही.

तरीही ज्याचा कान ख्यालाच्या विस्तारावर किंवा पाश्चात्य अभिजात संगीतातील स्वरसंवादावर घडला आहे, अशा श्रोत्याला या गाण्यांत काय मिळते? तीन-चार स्वरसंघातांची ठराविक उलटापालट, अखंड ठोकला जाणारा ताल, घसा ताणून केलेला उच्चार, आणि एका उत्कट बिंदूवर आरंभापासूनच जाऊन बसलेली भावना. विस्ताराला जागा नाही, कारण गाणे जेथे पोचायचे तेथे आधीच पोचलेले असते. हा श्रोता तीन वेळा ऐकतो, चार वेळा ऐकतो, इतरांना कोठे गहिवरून येते ते लक्षात ठेवून त्या जागी कान लावून बसतो. आणि काहीच घडत नाही. दार बंद आहे असेही त्याला वाटत नाही. आपण भिंतीसमोर उभे आहोत आणि इतर सर्व जण तिला दार म्हणत आहेत, असे काहीसे ते असते.

या अवस्थेतून सुटण्याचे दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पहिला, लोकांची रुची भिन्न असते, या कालिदासाइतक्या जुन्या समजुतीचा आधार घेण्याचा. हा मार्ग सभ्य आहे. परंतु त्यात एक आळस दडलेला असतो. ज्याला काही ऐकूच येत नाही आणि ज्याने ऐकून नाकारले आहे, अशा दोघांना तो एकाच रांगेत उभे करतो. दुसरा मार्ग टॉलस्टॉयचा. शेक्सपिअरवर १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने सांगितले आहे की, पन्नास वर्षांच्या काळात रशियन, इंग्रजी आणि जर्मन भाषांतून तो शेक्सपिअर पुनःपुन्हा वाचत राहिला आणि प्रत्येक वेळी त्याच्या पदरी कंटाळा व तिटकाराच आला. येथपर्यंत त्याचे निवेदन प्रांजळ आणि मोलाचे आहे. पण तेवढ्यावर न थांबता, शेक्सपिअरची थोरवी हे जगाला झालेले सामूहिक संमोहन आहे, असा निर्णय तो देतो. अनुभवाच्या अभावातून त्याने वस्तूच्या अभावाचे अनुमान काढले. ऑर्वेलने १९४७ मध्ये या निबंधाची चिकित्सा करताना मान्य केले की, अशा आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. शेक्सपिअर टिकून राहिला, एवढेच उत्तर देता येते. परंतु हे उत्तर टॉलस्टॉयच्या कंटाळ्याचे काय करायचे, ते सांगत नाही. तो कंटाळा खरा होता.

तिसराही एक मार्ग आहे आणि सुशिक्षितांत त्याचा वापर सर्वांत अधिक होतो. तो म्हणजे उसन्या रसिकतेचा. सभ्य बैठकीत ज्याचे नाव आदराने घेतले जाते त्याचे नाव आदराने घ्यावे, आणि आपल्या आत काही हलले नाही, हे कोणाला कळू देऊ नये. पूर्वी ही उसनवारी अभिजात कलांच्या बाबतीत चाले. समाजातील उच्चनीचतेच्या रेषा अभिरुचीतून कशा आखल्या जातात, हे बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवून दिल्यानंतर ती उलट दिशेनेही चालू लागली. लोकप्रिय ते न आवडणे म्हणजे लोकांना तुच्छ लेखणे, असा एक संकोच जाणत्या वर्गात रुजला. संकोच वाईट नव्हे. पण संकोचातून निघालेली स्तुती ही निंदेइतकीच अप्रामाणिक असते, आणि ज्याची स्तुती करायची त्याचाही तीत एक सूक्ष्म अपमान असतो.

नावड ही वृत्ती न मानता घटना मानून तिचे पृथक्करण करण्याचा प्रयत्न ज्याने केला असा एक आचार्य भारतीय परंपरेत आहे. नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्याची भूमिका थोडक्यात अशी, की निर्विघ्न प्रतीती हाच रस. तेव्हा रस लाभत नसेल तर विघ्न कोठे आहे ते शोधावे. या भूमिकेचे मोठेपण असे, की ती श्रोत्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही आणि कवीलाही करीत नाही. विघ्न कोणाच्याही बाजूला असू शकते, दोघांच्या मध्येही असू शकते. काश्मीरमधील हजार वर्षांपूर्वीच्या आचार्याचे साधन न्यू जर्सीच्या गायकाला लावणे काहींना विक्षिप्त वाटेल. परंतु साधन चालते की नाही, हे ते वापरूनच ठरवावे.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे, म्हणजे जे दाखवले जात आहे त्यावर विश्वासच न बसण्याचे. स्प्रिंगस्टीनविषयीचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे. तो कारखान्यातल्या माणसाविषयी गातो, बंद पडलेल्या गिरण्यांविषयी, हप्ते थकलेल्या घरांविषयी गातो. आणि तो स्वतः कारखान्यात एक दिवसही राबलेला नाही. गंमत अशी, की ही गोष्ट त्यानेच २०१७ मध्ये सुरू झालेल्या ब्रॉडवेवरील आपल्या प्रयोगात, प्रेक्षकांना हसवत, सांगून टाकली. कारखाना, तुरुंगावरचा पहारा, बस चालवणे अशी कामे बदलत राहिलेले आणि कोठेच स्थिर न झालेले त्याचे वडील होते. अंगावर चढवलेला कामगाराचा वेश त्यांचा होता. येथे अभिनवगुप्ताचेच दुसरे एक प्रतिपादन आठवते. क्रौंचवधाने वाल्मीकीच्या मुखातून श्लोक निघाला, तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये. मुनी खरोखर दुःखाने व्याकूळ असता तर काव्य निर्माणच झाले नसते, असे तो म्हणतो. साधारणीकरणाचा सिद्धांत मान्य करणाऱ्याला ‘तू कोठे राबलास?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार उरत नाही. मराठी समीक्षेने अनुभवाच्या प्रामाणिकतेचा आग्रह कधीकधी इतका ताणला आहे, की हे स्मरण येथे निरर्थक ठरू नये.

तथापि, आक्षेपाचा एक भाग शिल्लक राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये स्प्रिंगस्टीनने आपल्या सर्व ध्वनिमुद्रणांचे व गीतांचे हक्क सोनी कंपनीला विकले. रक्कम सुमारे पन्नास कोटी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याच्या दौऱ्याची तिकिटे मागणीनुसार दर चढत जाण्याच्या पद्धतीने विकली गेली आणि काही तिकिटांचा दर पाच हजार डॉलरांच्या घरात पोचला. त्याने या पद्धतीचे समर्थन केले. १९८० पासून त्याच्या चाहत्यांसाठी चाललेल्या ‘बॅकस्ट्रीट्स’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये याच कारणाने आपले काम थांबवले. हे शत्रूंनी केलेले नव्हते. ज्यांनी चाळीस वर्षे त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवला त्यांच्या बाबतीत संभावनाविरह आता प्रथमच उत्पन्न झाला होता. कवीच्या आयुष्याने काव्याचा पुरावा द्यावा, ही मागणी चूक असेल. पण गाण्यातले ज्याचे दुःख त्यालाच गाणे ऐकणे परवडू नये, ही विसंगती सिद्धांताने झाकण्यासारखी नाही.

दुसरे विघ्न देशकालाच्या विशेषांत अडकून पडण्याचे. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतला महामार्ग, रात्री भरधाव निघालेली मोटार, तिच्यात बसून गाव सोडणारी तरुण जोडपी, हे सारे एका विशिष्ट भूमीचे आणि विशिष्ट दशकांचे आहे. जेथे मोटार ही सुटकेची खूण नसून सुस्थितीची खूण होती, तेथल्या श्रोत्याला या प्रतिमांची ऊब लागणार नाही, असे स्पष्टीकरण सहज सुचते. परंतु सर्फराज मन्झूर या ब्रिटिश लेखकाच्या २००७ मधील आत्मकथनाने ते लटके ठरवले आहे. पाकिस्तानातून इंग्लंडमधल्या ल्यूटन गावी आलेल्या आणि व्हॉक्सहॉलच्या मोटारकारखान्यात राबणाऱ्या बापाचा हा मुलगा. एका शीख मित्राने त्याला स्प्रिंगस्टीनची गाणी ऐकवली आणि त्याला त्यांत आपले घर ऐकू आले: बापाचे मौन, गाव सोडण्याची ओढ, सोडण्याची अपराधी जाणीव. या आत्मकथनाच्या आधारे गुरिंदर चढ्ढा यांनी २०१९ मध्ये चित्रपटही काढला. न्यू जर्सी त्या मुलाच्या आड आली नाही. सहृदय हा काव्याच्या अनुशीलनाने घडतो, असे अभिनवगुप्त सांगतो, आणि त्याच वेळी वासना म्हणजे मनात आधीपासून रुजलेले संस्कारही तो अटळ मानतो. रॉक संगीताचे कोणतेही अनुशीलन नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला जे लाभले ते वासनेच्या बळावर लाभले. ज्या विद्वान श्रोत्याला ते लाभत नाही त्याच्यापाशी अनुशीलन उदंड असेल. बापाशी न बोलता काढलेली ती विशिष्ट वर्षे नसतील. अशा गोष्टी अभ्यासाने मिळत नाहीत, आणि त्या नसल्याबद्दल कोणाला दोष द्यावा, असेही नाही.

इतर विघ्नांपैकी प्रतीतीच्या उपायांचे वैकल्य आणि स्फुटतेचा अभाव ही दोन या प्रकरणात एकमेकांत मिसळून गेली आहेत, आणि खरा पेच तेथेच आहे. ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ हे शीर्षकगीत व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या, सर्वस्व गमावलेल्या सैनिकाचे आहे. शब्द विषण्ण आहेत. चाल मात्र विजययात्रेची. घुमणारे वाद्य, तोफेसारखा ढोल, आणि मूठ उंचावून म्हणता येईल असे ध्रुपद. लाखोंनी ते ध्रुपद उचलले आणि कडवी सोडून दिली. १९ सप्टेंबर १९८४ रोजी न्यू जर्सीतील हॅमंटन येथे, निवडणुकीच्या प्रचारसभेत, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतील आशेचा गौरव केला. दोनच दिवसांनी पिट्सबर्ग येथे स्प्रिंगस्टीनने रंगमंचावरून, राष्ट्राध्यक्षांना आपली कोणती ध्वनिमुद्रिका आवडत असावी, असा मिस्कील प्रश्न केला आणि काम गमावून खुनी झालेल्या मोटारकामगाराचे गाणे म्हटले.

येथे ‘लोकांना समजले नाही’ असे म्हणून समीक्षक सुटका करून घेतात. पण ज्या गाण्याच्या सर्व सांगीतिक सामर्थ्याची योजना एका ध्रुपदाला उंच उचलण्यासाठी झाली आहे, ते ध्रुपदच श्रोत्यांनी ऐकले, यात श्रोत्यांची चूक किती? शब्द एक सांगतात आणि स्वर दुसरे, तेव्हा स्वर जिंकतो, हे नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला नव्याने सांगावयास नको. आणि गोष्ट येथेही संपत नाही. जुलै १९८८ मध्ये स्प्रिंगस्टीन पूर्व बर्लिनमध्ये गायला. दीड लाखाहून अधिक लोक जमले होते. काहींच्या हातांत घरी तयार केलेले अमेरिकन ध्वज होते. तेथे तेच ध्रुपद हजारो कंठांनी म्हटले गेले. ज्यांना आपला देश सोडून जाता येत नव्हते ते दुसऱ्या देशात जन्मल्याची घोषणा करीत होते. तपशिलाने पाहिले तर हा रेगन यांच्याइतकाच चुकीचा अर्थ होता. परंतु त्या रात्री त्या मैदानावर तो चुकीचा होता, असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त काढलेल्या जागतिक दौऱ्यात हाच गायक त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्येही गाऊन गेला. तेथे जमलेल्यांनी कोणता अर्थ घेतला असेल?

न आवडणाऱ्या श्रोत्यासाठी या गायकाच्या संग्रहात एक चोरवाट आहे. जानेवारी १९८२ मध्ये स्प्रिंगस्टीनने आपल्या घरी, चार पट्ट्यांच्या साध्या कॅसेट यंत्रावर, एकट्याने काही गाणी ध्वनिमुद्रित केली. साथीदारांसह ती पुन्हा मुद्रित करण्याचा प्रयत्न फसल्यावर ती कॅसेटच त्या वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. गिटार, माउथ ऑर्गन, खालच्या पट्टीतला आवाज, आणि कथेच्या काटकसरीने सांगितलेली गुन्हेगारांची व कर्जबाजाऱ्यांची आयुष्ये. साहित्याच्या अभ्यासकाला ही ध्वनिमुद्रिका पहिल्याच ऐकण्यात आवडते. ती उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु ती आवडली म्हणजे स्प्रिंगस्टीन आवडला, असे समजणे ही स्वतःची फसवणूक होय. तिच्यात अभ्यासकाला त्याचीच ओळखीची मूल्ये भेटतात: संयम, सूचकता, एकांत. क्रीडांगणातल्या साठ हजारांना जे मिळते ते येथे वगळलेले आहे, आणि वगळले आहे म्हणूनच ही ध्वनिमुद्रिका अभ्यासकाला सुसह्य होते. २०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचे नोबेल मिळाल्यापासून गीतकारांना कवींच्या पंक्तीत बसवण्याची जी घाई विद्यापीठांत दिसते, तिच्यातही हाच दोष आहे. छापील पानावर आणून, घाम पुसून, आवाज काढून घेऊन मगच त्यांना आत घेतले जाते. हा आस्वाद नसून विलीनीकरण आहे.

मग प्रयत्नांनी काय साधते? झेडी स्मिथ या कादंबरीकर्तीने २०१२ मधील एका निबंधात जोनी मिचेल या गायिकेविषयीची आपली कथा सांगितली आहे. अनेक वर्षे तिला ते गाणे म्हणजे निव्वळ कर्कश किंकाळी वाटे. मग वेल्समधील एका लग्नाला जाताना टिंटर्न येथील मठाच्या भग्नावशेषांपाशी थांबली असता, आपण तेच गाणे गुणगुणत आहोत, हे तिच्या ध्यानात आले. अभ्यास केला नव्हता, मत बदलायचे ठरवले नव्हते. बदल घडला तो पाठमोऱ्या दाराने. हे उदाहरण मोहक आहे. पण त्याचा नियम करता येत नाही, कारण ज्यांच्या बाबतीत तो क्षण आला नाही ते निबंध लिहीत नाहीत. ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या प्रमाणाचा शोध घेताना जाणकाराची लक्षणे काटेकोरपणे सांगितली, आणि अखेरीस वयाची व स्वभावाची एक सूट ठेवली. विशीतल्या माणसाला ओव्हिड आवडेल, चाळिशीतल्याला होरेस, पन्नाशीतल्याला कदाचित टॅसिटस. यांत भांडण लावू नये. स्प्रिंगस्टीनच्या मैफलींतील सत्तरीचे श्रोते मात्र ह्यूमला थोडे बुचकळ्यात टाकतील. ते विशीतलेच गाणे ऐकत आहेत. आवड बदललेली नाही, तिचा विषय बदलला आहे. गाव सोडण्याची जी उत्कंठा एके काळी पुढे होती ती आता मागे आहे, आणि गाणे दोन्ही वेळी तेच आहे. ज्याने ते विशीत ऐकले नाही त्याला हा दुसरा अर्थ कोठून मिळणार? काही कलाकृतींना प्रवेशाचे वय असते, आणि ते उलटून गेल्यावर बाहेरूनच पाहावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळण्याची पूर्ण मोकळीक आहे. आत बसलेल्यांना काय दिसते आहे त्याचे वर्णन तो करू लागला, की मात्र ते नेटके असायला हवे. गर्दी, गोंगाट, तारुण्याचा उन्माद असल्या शब्दांनी त्याचे काम भागत नाही. मन्झूरच्या बापाचे मौन ज्या वर्णनात येत नाही ते वर्णन खोटे आहे, मग ते करणाऱ्याचा कान कितीही तयार असो.

१९९५ साली निघालेल्या एकट्याच्या दौऱ्यात स्प्रिंगस्टीनने ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ची मूळ चाल जवळजवळ टाकूनच दिली. एक गिटार, पत्र्यासारखा खरखरीत नाद, आणि पुटपुटल्यासारखे शब्द. मूठ उंचावण्याजोगे त्यात काहीच नव्हते. सैनिकाची कथा मात्र लख्ख कळत होती. ब्रॉडवेवरही तो ते अशाच पद्धतीने म्हणत असे. ज्यांना मूळ गाणे कधीच रुचले नव्हते त्यांना हे रूप रुचले, आणि अर्थ आता कोठे स्पष्ट झाला, असे त्यांनी लिहिले. पुढे खुल्या मैदानांवर, साथीदारांसह, त्याने पुन्हा जुनीच चाल वाजवली. तोच ढोल, तेच ध्रुपद, आणि कडव्यांकडे लक्ष न देता ते म्हणणारे तेच हजारो लोक.